मायजवळची बाई

सेमाडोह, फेब्रुवारी १९६१

माय,

ही चिठ्ठी मी टाकणार नाही. तुला वाचता येत नाही. इंदूबाईच ती वाचून दाखवतील, आणि त्यांच्यासमोर हे बोलवत नाही.

"आता घरीच न्या, दुखणं कमी राहील एवढं पाहा," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी इंदूबाई नर्सला ठेवलं. त्यांचा पगार माझ्या मास्तरकीतून जातो. म्हणून मी इथे जंगलातल्या शाळेत आणि तू अमरावतीला. तुझ्या उशाशी बसायला मी दुसरीला पैसे देते, माय.

परवा रविवारी मी आले, तेव्हा इंदूबाई बाजारात गेल्या होत्या. मी तुझे पाय चेपायला बसले. डोळे न उघडताच तू म्हणालीस, "इंदूबाई, आज लय दुखून राह्यलं. पण माह्या भागीले सांगू नका. नोकरी सोडून पयत येईन पोरगी."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"तिचा हातबी असाच गरम हाये," तू म्हणालीस, आणि माझ्या लहानपणचं कायकाय सांगत राहिलीस. मीच भागी आहे, हे ओठांवर आलं होतं. पण तू माझ्याबद्दल बोलत होतीस. ते थांबू नये असं वाटलं.

आज मी बिनपगारी रजेचा अर्ज दिला. इंदूबाईंना या महिन्यानंतर ठेवता येणार नाही. तुझी कूस कशी बदलायची, ते त्यांच्याकडून शिकून घेईन. शनिवारच्या मोटारीनं येते.

आता दुखलं का मलेच सांगजो, माय.

तुही पोरगी,
भागीरथा