अंतोनने टोपण लावलं

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अंतोनने पेन काढलं होतं. टोपणही काढलं होतं. अजून काय पाहिजे होतं?

आमची मोनिका आणि तिची मैत्रीण नेहा, दोघी कॉम्प्युटरवाल्या. नोकऱ्या सोडून लग्नाचे हॉल बुक करायची वेबसाइट काढली. आठ महिन्यांत एकही हॉलवाला त्यात आला नाही. नाताळपर्यंत नाही आला तर नेहा परत नोकरी धरणार. आज वटार गावचा हॉलवाला अंतोन स्वतः घरी आला. कराराच्या कागदावर सही करणार, तेवढ्यात सहज विचारलं, "बाय, नीट चालतं ना सगळं?"

"काका, कधीकधी एकाच तारखेला दोन बुकिंग होतात. महिन्यात दुरुस्त करू," मोनिका म्हणाली.

नेहा म्हणते, "दीड महिना धरा."

त्याने टोपण लावलं. "मग झाल्यावर बोलवा गो." चहा पिऊन गेला.

मी ओरडलो, "एवढं सांगायची काय गरज?"

"त्यांनी विचारलं ना, पपा!" आणि दोघी परत मशीनला चिकटल्या.

अंतोनकडे जाऊ काय? पण जाऊन काय सांगू? मला त्यातलं काही कळत नाही.

आणि तिला तरी काय बोलू? लहानपणी बाजारात माझ्याबरोबर केळी विकायला बसायची. डागी केळी टोपलीत वर ठेव, गिऱ्हाइकाला दिसू दे, हे मीच शिकवलं. पण डाग बघूनसुद्धा गिऱ्हाईक केळी घेऊन जायचं. तेव्हा मी असं काय बोलायचो की ते घ्यायचं? ते तिला कधी शिकवलं नाही. आता मघापासून आठवतोय, मलाच आठवत नाही.