फोटोच्या कोपऱ्यातली क्रेन

२० मार्च

ती. स्व. आत्यास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

रानातले चार महिने संपले. आठवडा झाला, मी प्रसिद्धी विभागात आले आहे. इथल्या बाई म्हणजे नुसती अत्तराची बाटली. आमच्या निसर्गरक्षण संस्थेची फेलोशिप अशीच आहे : दोन वर्षांत सहा विभाग, दर चार महिन्यांनी नवं टेबल आणि नवा साहेब. शेवटी आम्हा पाच जणांतल्या एकालाच कायमची नोकरी. त्यामुळे सगळे एकमेकांशी गोड बोलतात आणि डोळ्यांत तेल घालून एकमेकांच्या चुका शोधतात.

राखणदारकाकांचा निरोप घेताना रडू आलं. उन्हात पाण्याची बाटली चकाकली की ससाण्याची मादी घरट्यावरून उठते, म्हणून बाटलीला मोजा घालायचा, हे त्यांनीच शिकवलं. निघताना स्वतःचा मोजा दिला. धुतलेला होता, नाक मुरडू नकोस. घरट्याची जागा फक्त तिघांना ठाऊक आहे : काका, क्षेत्र अधिकारी आणि मी. कागदावर नुसता क्रमांक लिहायचा असा नियम आहे. तुला म्हणून सांगते, बंद दगडखाणीत मान मोडलेली एक क्रेन आहे, तिच्या बरोब्बर समोरच्या कपारीत. काल चौथं अंडं आल्याचा निरोप मिळाला. पोटात ठेव.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी टिटवी

३ एप्रिल

चि. टिटवीस अ. उ. आशीर्वाद.

तुमचं वार्तापत्र आलं. पहिल्याच पानावर तू काढलेला फोटो! ऊर भरून आला. मादी अगदी तुझ्या काकूसारखी बसली आहे, आल्यागेल्यावर डोळे वटारून.

खाली लिहिलंय की हे घरटं एका गुप्त ठिकाणी आहे. मला हसू फुटलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, उसवलेला टाका मला लांबून दिसतो. भिंग लावलं तर उजव्या कोपऱ्यात मान मोडलेली क्रेन! कसलं गुप्त आणि कसलं काय. शेजारणीजवळ मात्र अवाक्षर काढलेलं नाही. ज्यांना तू अत्तराची बाटली म्हणतेस त्या तुझ्या प्रसिद्धीच्या बाईंना सांग, फोटो झकास निवडलात.

वेळेवर जेवत जा. पत्र लांबलचक हवं.
तुझी आत्या

९ एप्रिल

ती. स्व. आत्यास सा. न.

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं आणि तशीच उठून वार्तापत्र पुन्हा पाहिलं. चार महिने ती क्रेन रोज पाहिली, म्हणून फोटोत ती मला आधी दिसलीच नाही. तशी क्रेन त्या भागात दुसरी नाही, जागा कुणीही ओळखेल. एरवी प्रत्येक फोटो क्षेत्र अधिकाऱ्यांकडे तपासायला जातो. मी तिकडूनच आलेली, म्हणून बाई म्हणाल्या की तूच सही कर. मी केली.

दोन दिवस तोंड उघडलं नाही. काल बातमी आली, तीन अंडी चोरीला गेली. चौथं कपारीत मागे घरंगळलं होतं म्हणून वाचलं. मादी त्यावर परत बसली आहे. सगळ्यांचा संशय काकांवर, कारण जागा तिघांनाच माहीत आणि रोज तिथे ते एकटेच. तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना घरी बसवलंय. सोळा तारखेला चौकशी आहे, मग कायमचं काढतील.

मी बोलले तर माझी फेलोशिप गेली. आणि बोलूनही काय? एवढीशी क्रेन कुणाला दिसते, असंच बाई म्हणतील. आत्या, मला फार भीती वाटते आहे. लगेच लिही.

तुझी टिटवी

१२ एप्रिल

चि. टिटवी,

आशीर्वाद नंतर, आधी राग. फोटोचा नाही, अशी चूक कुणाच्याही हातून होते. दोन दिवस गप्प बसलीस याचा. काकांचा मोजा अजून तुझ्या बाटलीला आहे ना? मग मला विचारतेस कशाला?

क्रेन कुणाला दिसते म्हणतेस, तर मला दिसली, आणि चोरीच्या पाच दिवस आधी. माझं ते पत्र टपालाच्या शिक्क्यासकट चौकशीत ठेव. त्यात अत्तराची बाटली आहे, माझं हसणं आहे, आणि नियम मोडून तू मला जागा सांगितलीस हेही त्यातून उघड होईल. तरी सगळंच दे. फाडलेल्या पत्रावर कोण विश्वास ठेवणार? चूक माझीही आहे. तुला तिथल्या तिथे सावध करायचं सोडून मी हसत बसले. हेही त्यांना सांग.

नोकरी जाईल. इथे शिवणयंत्र आहे, दोन वेळचं जेवण आहे आणि मी आहे. मात्र येशील ती मान वर करून ये.

तुझीच आत्या

२४ एप्रिल

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र संचालकांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. अत्तराची बाटली आली तेव्हा कुणीच हसलं नाही. बाईंनी भिंग मागवलं, बराच वेळ फोटो पाहिला आणि क्रेन दिसते असं स्वतःच म्हणाल्या. काका त्याच दिवशी कामावर रुजू झाले. माझी फेलोशिप संपली. उरलेल्या चौघांनी मला चहा पाजला, अगदी प्रेमाने.

महिनाअखेरपर्यंत खोली आहे, तोवर विनापगार राखणीला बसते. पहिल्या दिवशी काका माझ्याशी बोलले नाहीत. मी लांबच्या दगडावर बसले. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसं माझ्या बाटलीकडे पाहून म्हणाले की मोजा घसरलाय. मी तो वर ओढला आणि मग मला रडू आवरेना. त्यांनी सरकून शेजारी जागा केली.

एक तारखेला तुझ्याकडे पोचते. आजची बातमी काकांनी वहीत लिहिली तशीच तुला लिहिते, याहून एक शब्द जास्त नाही.

क्रमांक सतरा. पिल्लू एक.

तुझी टिटवी