लिटरमागं चौदा

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली
९ ऑक्टोबर २०००

चि. शिवप्रसाद यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दसऱ्याला पोचलं. सोनं वाटून आल्यावर आबांनी ते ओसरीत मोठ्यानं वाचलं आणि मधेच दोनदा चष्मा पुसला. पाकिटावर तू अजून जि. परभणी लिहितोस. आपला जिल्हा वेगळा होऊन दीड वर्ष झालं. पोस्टमन मला टोमणा मारतो की पुण्याच्या इंजिनियर साहेबाला हिंगोली ठाऊक न्हाई व्हय. तेवढं सुधार.

तुझ्या कारखान्याचं वाचून जीव खालीवर होऊन राहिला. मला समजलं ते असं. तुमची ती दोन सीटांची स्पोर्ट्स कार विलायतेचा व्यापारी दोनशे नग घेणार होता. पण तिकडं सरकार आता जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर बंधनं आणून राहिलं, म्हणून त्यानं अट घातली की लिटरमागं चौदा किलोमीटर निघाले तरच माल उचलीन. तुमची गाडी बाराच्या पुढं सरकत नाही. चौदा झाले नाहीत तर शेठजी शेडला कुलूप लावणार आणि तुम्ही एकतीस जणं घरी. बराबर समजले ना?

खरं सांगू? तो नियम करणारा माणूस माझ्याच जातकुळीचा असावा. मी कंदिलाची वात खाली करून बसणारी बाई. दोन माणसं बसायची, पोतं ठेवायला जागा न्हाई, आणि पेट्रोल मात्र उन्हाळ्यातल्या म्हशीनं पाणी प्यावं तसं. अशी गाडी कोणाला लागते, काहून लागते, मला कळत नाही. आबा तर म्हणतात की हिंगोली डेपोत असताना त्यांनी पंचावन्न माणसं बसवून एसटीचे लिटरमागं पाच काढले, त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, शेठजीला म्हणावं येऊन वाचून जा.

पण तुझी चार वर्षं त्या गाडीत गेलीत. म्हणून मनानं मी नियमाच्या बाजूची असूनही सोमवार धरलेत, नियम हरावा म्हणून. नागनाथ मला काय म्हणत असेल, त्यालाच ठाऊक.

दिवाळीच्या तेल-साखरेची काळजी करू नको. तब्येत सांभाळ, आणि लोभ आहेच तो तसाच राहू दे.

तुझी,
आई


पुणे
१८ ऑक्टोबर २०००

ती. सौ. आई व ती. आबा यांस शिवप्रसादचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पाकीट नीट पाहा, हिंगोली किती ठळक लिहिलंय. पोस्टमनला दाखव.

आई, तू विचारतेस अशी गाडी कोणाला लागते. कोणालाच लागत नाही. लागणाऱ्या वस्तू सगळं जग करून राहिलंय. पण आपला भीमसिंग मिस्त्री, कळमनुरीचा, ज्याला मीच इथं आणला, तो गाडीचं अंग तळहातानं घासतो आणि डोळे मिटून सांगतो की इथं केसाएवढा उंचवटा आहे. तसलं काम पुन्हा कुठं करायला मिळणार? आज विलायतेत नियम आला, उद्या आपल्याकडंही येईल. मग अशा गाड्या कॅलेंडरवर बघायच्या. त्याआधी एक तरी आमच्या हातची रस्त्यावर धावावी, एवढंच मागणं आहे.

दिवाळीला येतोय, आणि गाडी घेऊनच येतोय. दुसरं काही काम नाही, फक्त तुम्हाला दाखवायला. दोन दिवस राहीन. अनारसे जास्त कर.

आपल्या मायेत असाच ठेवा.

आपला,
शिवप्रसाद


॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

शिरड शहापूर
१ नोव्हेंबर २०००

चि. शिवप्रसाद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पोचल्याचं कळव. गाव अजून तुझ्या गाडीतून उतरलं नाही. शेजारच्या पंचफुलाबाई विचारतात की इतकी हळदीसारखी पिवळी गाडी, पण ती उभी होती का बसलेली? चक्कीवाला म्हणतो की उरलेली अर्धी पुण्यात राहिली असेल. मी म्हटलं की तुम्हाला झोपून चालवायची गाडी काय कळणार.

एक बोलते, राग मानू नको. पाडव्याला आबांना औंढ्याला दर्शनाला न्यायचं म्हटलं तर तू म्हणालास की गाडीला आराम पाहिजे, एसटीनं जाऊ. तीस वर्षं ज्यानं बस चालवली तो बाप तिकीट काढून बसच्या खिडकीत बसला, आणि लेकाची गाडी अंगणात. घरी आल्यावर ते गाडीकडं पाठ करून चहा प्याले. एक चक्कर मारली असतीस तर काय झिजलं असतं रे?

तुम्ही देवळात गेल्यावर मी गाडीची पूजा केली. पुढच्या वेळी पेट्रोलचा काटा बसवून आण, त्या जागी नुसतं भोक बघून मला कसंतरी झालं. आबा सध्या लूना पायडल मारून चालवून राहिलेत. का, ते विचारू नको, म्हाताऱ्या माणसाला तेवढा व्यायाम बरा.

दोन्ही दिवस तू माझ्यासाठी आलास, याचं सुख शब्दांत मावत नाही. मायेत अंतर पडू देऊ नको.

तुझी,
आई


पुणे
९ नोव्हेंबर २०००

ती. सौ. आई व ती. आबा यांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

आई, झालं! चौदा पूर्णांक चार!

आता कान धरून कबूल करतो. मी नुसता भेटायला आलो नव्हतो. ती गाडीची लांब पल्ल्याची चाचणी होती. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, वाटेत भरलेल्या प्रत्येक लिटरची पावती ठेवायची, परत आल्यावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. रस्ता मला निवडायचा होता, मी घराचा निवडला. तुला चाचणी सांगितली असती तर तुला वाटलं असतं, लेकरू कामासाठी आलं. म्हणून बोललो नाही. आबांना चक्कर मारून आणलं नाही तेही त्यामुळंच, जास्तीचा एक किलोमीटर नको होता. त्यांची माफी मागतो. आता शेठजींना सांगून आबांना स्वतः चालवायला देईन.

जाऊन येऊन किती झाले माहीत आहे? एक हजार आठ किलोमीटर. तुझ्या देवानंच आकडा धरला. पावत्या सत्तर लिटरच्या. परतताना जालन्याच्या पंपावर टाकीत इतकं कमी पेट्रोल मावलं की मी पंपवाल्याला दोनदा थांबायला लावलं. सकाळची थंड हवा, मी बदललेला कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट, आणि आबांनी शिकवलेला हलका पाय, हे सगळं एकदम जुळून आलं.

अहवालावर माझी सही आहे. शेठजींनी शेडमध्ये पेढे वाटले. भीमसिंगनं मला खांद्यावर उचललं आणि तसाच उभा राहून रडला. व्यापारी ११ डिसेंबरला करार करायला येतोय. तुझे सोमवार फळले.

असाच आशीर्वाद डोक्यावर असू द्या.

आपला,
शिवप्रसाद


॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

शिरड शहापूर
२० नोव्हेंबर २०००

चि. शिवप्रसाद यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. थोडं विचारायचं होतं. ती चाचणी एकदाच करतात का पुन्हा करतात? दुसऱ्या रस्त्यानं करून पाहता येईल का? व्यापारी स्वतः मोजतो, का तुझ्या सहीवर भागवतो? समजा आकडा चुकला असेल, तर सही करणाऱ्याला काय होतं?

सहज विचारलं. इकडं थंडी पडली. आबांना खोकला आहे. लवकर लिही. लोभ वाढवावा.

तुझी,
आई


॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

शिरड शहापूर
४ डिसेंबर २०००

चि. शिवप्रसाद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू उत्तरात हसलास, की आई आता माझा हिशोब तपासते काय. बाबा रे, तपासला. बसून वाच.

पाडव्याला तू आणि आबा औंढ्याला गेलात. मी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मागचं पेट्रोलचं टोपण उघडून पाहिलं तर आत नुसता काळोख. शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत देत नाही. माझं लेकरू पाचशे किलोमीटर तुडवत आलं, त्याची गाडी मी उपाशी धाडू? भाव वाढायच्या आधी आबांनी लूनासाठी दहा लिटरचा डबा भरून ठेवला होता, ऑइल न मिसळलेलं कोरं पेट्रोल. घासलेटचं नरसाळं धुऊन वाळवलं आणि सगळा डबा तुझ्या गाडीत ओतला. सांगितलं असतं तर तू पैसे काढून दिले असतेस. आणि दिलेलं बोलून दाखवलं की त्याचं पुण्य उरत न्हाई, असं माझी आई म्हणायची.

म्हणजे सत्तर नाही, ऐंशी. एक हजार आठ भागिले ऐंशी. मी तीनदा केलं. बारा पूर्णांक सहा येतात.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही. आबांना सांगितलं तर ते आधी म्हणाले की गप्प बस, एकतीस घरांच्या चुली आहेत. संध्याकाळी म्हणाले की डेपोत एकानं डिझेलचा आकडा खोटा लिहिला होता, चौकशी झाली तेव्हा ज्याची सही त्याचीच नोकरी गेली, बाकी सगळे हात झटकून मोकळे. व्यापाऱ्यानं तिकडं जाऊन मोजलं तर नाव तुझं निघेल. म्हणाले की तरी लिहायचं का ते तूच ठरव, माझ्यात हिंमत न्हाई.

मी स्वतःला समजावलं की तुझी सही वाचवायला लिहिते. पण तेही पुरतं खरं नाही. मी दिव्यासमोर बसले की मला दिवा दिसत नाही, ते नरसाळं दिसतं. ज्या नवसासाठी सोमवार केले तो मीच खोटा करून पूर्ण केला. देवाला कोणत्या तोंडानं सांगू की मला ठाऊक नव्हतं? तेव्हा नव्हतं, आता आहे.

मी तुझ्या पोटावर पाय देते आहे, हे समजून लिहिते आहे. पुढं काय करायचं ते मी सांगणार नाही. तेवढी तरी आई राहू दे मला.

तुझी,
आई


पुणे
१५ डिसेंबर २०००

ती. सौ. आईस नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी, नऊ तारखेला मिळालं. व्यापारी सोमवारी यायचा होता. रविवारी शेडमध्ये मी एकटाच गेलो. टाकी पूर्ण रिकामी केली, दहा लिटर मोजून ओतले आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवली. एकशे सव्वीस किलोमीटरवर ती सासवडच्या अलीकडं थांबली. तुझा भागाकार बरोबर होता.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. जालन्याच्या पंपावरच मला संशय आला होता. तेहतीस लिटर मावायला हवे तिथं तेवीस मावले. असं जेट बदलून होत नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. मी ते गिळलं. दीड महिना गिळून बसलो. म्हणून सगळं तुझ्या माथी घेऊ नको.

सोमवारी मी आधी शेठजींना सांगितलं. ते म्हणाले की हे तुझ्यात आणि तुझ्या आईत ठेव, करार होऊ दे, पुढं बघू. मग व्यापारी आला. तो गाडीत बसला, स्टिअरिंगवरून हात फिरवला, म्हणाला की अशी गाडी हातानं करणारे आता त्यांच्याकडं उरले नाहीत. तेव्हा मी सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, सगळ्यांसमोर. त्यानं पुन्हा विचारलं, बारा? मी म्हणालो, बारा पूर्णांक सहा. त्यानं माझा हात बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाला की त्याला गाडी आवडली, पण नियमाला आवडत नाही. दुपारच्या विमानानं गेला.

शेठजींनी बुधवारी शेड बंद केली. पिवळी गाडी तेवढी ठेवली, साचे मात्र करवतीनं कापले, जागा रिकामी करायची म्हणून. भीमसिंगनंच कापले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. जाताना तो मला म्हणाला की तुझ्या मायला पोस्टाचं तिकीट महाग वाटलं असतं तर बरं झालं असतं. आणि आई, खोटं कशाला लिहू, त्या शनिवारी मलाही वाटलं होतं की माझी आई अडाणी असती तर बरं झालं असतं.

ते वाटणं अजून गेलेलं नाही. ते जाईपर्यंत मी लिहिणार नाही. आबांना नमस्कार.

शिवप्रसाद


॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

शिरड शहापूर
८ जानेवारी २००१

चि. शिवप्रसाद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या शेवटच्या पत्रानंतरचं हे माझं तिसरं पत्र. पहिली दोन पोचली असतील, परत तर आली नाहीत.

आबांना सोबत घेऊन मी कळमनुरीला जाऊन आले, भीमसिंगच्या घरी. तो कामाच्या शोधात हैदराबादेकडं गेलाय. घरी त्याची बायको नानीबाई आणि तीन लेकरं. मी तिला सांगितलं की पेट्रोल ओतणारी मी आणि पत्र लिहिणारीही मीच, शिवप्रसादला बोल लावू नका. तिनं तांब्याभर पाणी दिलं, पण बसा म्हणाली न्हाई. मी उभ्यानंच पाणी प्याले आणि निघाले. बराबर वागली ती. वाटेत आबा म्हणाले की आता तरी तुझं मन हलकं झालं का. न्हाई झालं. ते व्हावं म्हणून मी गेले नव्हते.

तुला वाटतं ते वाटू दे. मी अडाणी असते तर मलाही सोपं गेलं असतं. पण पुन्हा तोच दिवस आला तर मी पुन्हा लिहीन, हे मला कळून चुकलंय, आणि त्याचीच भीती वाटते. अशी आई कोणाला हवी असेल?

पुण्यात तू राहतोस कुठं, कामाचं काय झालं, ते सांगू नको वाटलं तर. दोन वेळा जेवतोस का, एवढं एक पोस्टकार्डावर लिही. खाली नाव घातलं नाहीस तरी चालेल, अक्षर मी ओळखते.

आजवर पत्राच्या शेवटी लोभ मागायची ती एक रीत होती. आज खरोखर मागते आहे. रागासकट का होईना, असू दे.

तुझी,
आई