सही झाल्यावर

मेडशी,
१२ डिसेंबर २०२५

चि. विकास यास साधनाताईचे आशीर्वाद.

इकडे आमी बरे आहोत. तुरीले शेंगा चांगल्या धरल्या. थंडीनं आईचे गुडघे आखडले, पण जेवते बरोबर. तू जेलात मुलाखतीले येऊ देत नाहीस, म्हणून लिहून राह्यली. फाडू नको, पुरं वाच.

मंगळवारी वाशिमच्या कोर्टात गेलती. तुह्या वकील वैजयंतीताई नाही म्हणत होत्या, "निकाल लागल्यावर तेच कोर्ट शिक्षा कमी करत नाही." मी म्हटलं, ज्यानं देली त्यालेच मांगते. निकालातली एक चूक दाखवाले त्या अर्ज करून राह्यल्या होत्या. त्यातच माही इनंती लिवाले लावली.

चूक म्हणजे, बाबाचं नाव पुंजाजीच्या जागी हिरालाल पडलं होतं. जजसाहेबायनं जुने कागद मांगवले, एकएक पान पाह्यलं अन् नाव दुरुस्त कराचा हुकूम देला. इतकं जपून, की मले वाटलं आता आपलंही काम होते.

मंग मले पुढं बोलावलं.

"बाई, काय म्हणायचं आहे?"

"साहेब, पाच वर्षं लय होतात. दोन करा. तुमच्याच हातचं आहे."

त्यायनं निकालाचा कागद पुढं ओढला. "हातचं होतं. निकालावर सही केली त्या दिवशी ते माझ्या हातून गेलं. लिहिण्यातली चूक मी सुधारू शकतो. शिक्षेतला एक दिवसही मला कमी करता येत नाही, वाढवताही येत नाही. आज मला वेगळं वाटलं तरी नाही. ते काम वरच्या कोर्टाचं. निकालापासून साठ दिवसांत अपील करा."

विकास, तूच पाह्य. ज्याच्या एका सहीनं माणूस पाच वर्षं आत जाते, त्याले आपलीच सही ओलांडता येत नाही! सारं कोर्ट त्याच्यासाठी उठून उभं राह्यते, अन् तो त्या कागदापुढं आपल्यासारखाच. मले राग आला नाही. नमस्कार कराचा इसरून तशीच उभी राह्यली; शिपायानं सांगतलं तवा हटली.

बाहेर पायरीवर बसली, तवा समजलं, तुले लिवाचं तेच मी टाळून राह्यली. साक्षीच्या आधी तू निरोप धाडला होता, शेजारच्या शेतातल्या ग्यानबाच्या हातात काठी होती असं सांग. साक्षीच्या पिंजऱ्यातून मी तुह्याकडं पाह्यलं अन् सांगतलं, "त्याचे हात रिकामे होते. विकासनं दोन शेतायच्या मधातल्या धुऱ्यावर त्याले कुऱ्हाडीचा दांडा मारला." ग्यानबाचा उजवा हात आजही वर जात नाही.

बोलणं उलटवावं, असं मले लय वेळा वाटलं. पण नाही उलटवणार. कायदा नाही म्हणते म्हणून नाही. ते खरं आहे म्हणून.

पण पाच वर्षं जास्त आहेत, हेही खरं. तुहा पहिलाच गुन्हा, अन् मारल्यावर तूच त्याले फटफटीवर बसवून दवाखान्यात नेलं. हे वरच्या कोर्टाले सांगाले पायजे. सोबत वकीलपत्र आहे. जेलरसाहेबासमोर सही कर. मुदत जानेवारीत सरते. माह्याशी बोलू नको, पण सही कर.

आईले वाटते, साक्ष ग्यानबाच्या माणसायनं देली. हे पत्र पेटीत टाकून आली की तिच्यापाशी बसून खरं सांगणार आहो.

तुही, अन् त्या साक्षीचीही,
साधनाताई