फोल्डिंग खात्याचं मागचं दार

अमळनेर, २२ जून २०२५

चि. हिलाल यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र बघून तोंड वाकडं करू नकोस. फोनवर मी मुद्द्यावर आले की तुझी रेंज जाते आणि सुवर्णाने जेवायला हाक मारली की परत येते. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून लिहितेय.

काल सुपडूच्या घरी जाऊन आले. आपल्या गल्लीत वाढलेला माणूस तुमच्या शेजारच्या मिलमध्ये जळून गेला, आणि पेपरात नुसतं सहा कामगार एवढं छापून आलं. त्याची आई मला विचारत होती की दार होतं तर उघडलं का नाही. सहाही जण मागच्या दारापाशी सापडले आणि दाराला बाहेरून कुलूप होतं, हे मला प्रशांतने सांगितलं. तू सांगितलं नाहीस.

 माझा एकुलता एक पोरगा तुझ्या शब्दावर सुरतला पाठवला, आणि तू मामा म्हणून त्याला तुझ्याच फोल्डिंग खात्यात चिकटवलास. तुमच्या खात्याला मागचं दार आहे का आणि ते उघडतं का, एवढं कळव. मी बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ या पाटीखाली कांद्याच्या गोण्या टाकणाऱ्यांना मी भर रस्त्यात उतरवलंय. त्यात एकदा तुझे दाजीही होते.

श्रावणात कानबाईमाता घरोघरी येते. तोवर ते दार उघडलं नाही तर प्रशांतची बॅग भर आणि त्याला इकडे पाठव.

लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्या हातात.

तुझी मंगलाअक्का

*

बमरोली, सुरत, ३० जून

ती. मंगलाअक्का हिच्या चरणी,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र सुवर्णाने जेवताना मोठ्याने वाचलं. रेंजची ओळ तिने दोनदा वाचली. तुम्हा नणंद-भावजयीचं एवढं कधीपासून जमायला लागलं?

दार आहे. कुलूपही आहे. कापडाचे ताके चोरीला जातात म्हणून भूपेंद्रशेठने लावलंय. आग लागल्यापासून इथे नियमांचा नुसता पाऊस आहे. सरकारची नोटीस आली, सुरक्षा समिती नेमा, त्यात कामगारांचा माणूस घ्या. शेठने अख्ख्या मिलमध्ये तोंड न उघडणारा माणूस शोधला आणि मला घेतलं. पळायच्या वाटेचा बोर्ड लागलाय, तोही गुजराती आणि इंग्रजीत. आमच्यात अर्धे खान्देशचे, अर्धे ओडिशाचे. म्हणजे धूर झाला की आधी शिकवणी लावायची आणि मग पळायचं.

चहाच्या टपरीवर रोज यावरच वाद चालतो. आमच्या खात्यातला गोपाल म्हणतो, नियम मोडणाऱ्या सगळ्या मिलला टाळं लावा. श्रीरंग म्हणतो, असे नियम वाढत गेले तर शेठ लोक मिल उचलून दुसरीकडे नेतील आणि आपण गावी जाऊन भजी तळू. मला विचारशील तर सरकारही नको आणि शेठही नको. कामगाराला स्वतःची अक्कल असते, तेवढी पुरते. मी इथे तीस वर्षं काढली, आमचं आम्ही बघतो.

प्रशांत मजेत आहे. वजन वाढलंय, ते माझ्या नावावर लिही. राग कमी आणि लोभ जास्त, असं माप ठेव.

तुझा हिलाल

*

अमळनेर, ७ जुलै

चि. हिलाल यास,

आशीर्वाद. वि. वि. अकलेचं वाचून बरं वाटलं. माझ्या गाडीतही पंचावन्न अकलेची माणसं बसायची. प्रत्येकाला वाटायचं की गोणी तेवढी आपली एकट्याचीच आहे, तिने कुणाचं काय अडतंय. नियम नसता तर मी कशाच्या जोरावर ती उचलायला लावली असती? माझ्या हातात काय, एक पंच आणि एक घंटीची दोरी.

बोर्डाचं तुझं म्हणणं मात्र रास्त आहे. मग समितीत बसून तेच बोल. तोंड उघडत नाहीस म्हणून तुला घेतलं असेल, पण पुढेही उघडायचं नाही असं कुठे लिहून दिलंयस? जा आणि शेठकडे किल्ली माग. भीती वाटली तर बहिणीने पाठवलं म्हणून सांग.

सुपडूची आई अजून दारातच बसून असते. तिच्यापुढून जाताना मला मान वर करवत नाही, माझा पोरगा जिवंत आहे म्हणून.

किल्लीची वाट बघते. लोभाचं नंतर बघू.

तुझी मंगलाअक्का

*

बमरोली, सुरत, १४ जुलै

ती. मंगलाअक्का हिच्या चरणी,

सा. न. वि. वि. तुझं नाव सांगायची वेळच आली नाही. शेठने किल्ली मागताक्षणी काढून दिली. वर हसत म्हणाला की तुला उघडता आलं तर खुशाल उघड. मी बोर्डाचंही बोललो, त्यावर थई जशे म्हणाला. म्हणजे होऊन जाईल. सुरतेत या शब्दावर पूल उभे राहतात आणि माणसं म्हातारी होतात.

तर किल्ली आता माझ्या करदोड्याला आहे आणि चालताना वाजते. कुलूपही काढलं. सरकार जिंकलं, तू जिंकलीस. दार मात्र अजून उघडलेलं नाही. दारापुढे एक लहानशी अडचण आहे. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही, आणि यात शेठचा काही दोष नाही. तू उगाच प्रशांतला फोन करून त्याचं काम खोळंबवू नकोस.

लोणच्याची बरणी मिळाली. लोभ तिच्यासारखाच मुरू दे.

तुझा हिलाल

*

अमळनेर, २० जुलै

चि. हिलाल यास,

आशीर्वाद देतेय, पण दात-ओठ खाऊन. प्रशांतला फोन केला. दुसऱ्या प्रश्नालाच त्याने सगळं ओकलं.

कानबाई. त्या दारापुढे तुम्ही कानबाई बसवलीय. तीन वर्षांपूर्वी गावी यायला सुट्टी मिळाली नाही म्हणून रविवारी खात्यात मांडली, सोमवारी मोठी ऑर्डर होती म्हणून नदीवर नेली नाही, आणि तेव्हापासून ती माउली तिथेच बसून आहे. वर लोखंडी जाळी, खाली फरशी, कडेने लाइटची माळ. नारळ सुकून आत वाजतो म्हणे. आणि मांडणारा पुढारी कोण, तर हिलालभाऊ. जागा का निवडली, तर सगळ्या खात्यात तेवढाच चौकोन मोकळा आणि स्वच्छ होता. अरे बाबा, इथे काही ठेवू नये म्हणून सरकारने जमिनीवर पिवळे पट्टे मारायला लावले होते, म्हणून तो मोकळा होता. शेठला काय लागतंय किल्ली द्यायला? त्याच्या कुलपाहून पक्कं कुलूप तू लावून ठेवलंयस.

हे वाचून मी आधी हसले आणि मग चुलीपाशी बसून रडले. सुपडूच्या आईला मी सांगत होते की शेठ लोकांना काळीज नसतं. आता तिला तुझं काय सांगू?

देवीला हात लावायला कुणी धजणार नाही, हे मला कळतं. म्हणून सोबत एक कागद जोडलाय. तो खात्यात मोठ्याने वाच, सुवर्णाने ‘रेंज’ वाचली होती तसा. सरकारचा नियम मोडलास तर साहेब येईल. हा मोडलास तर मी येईन.

तुझी मंगलाअक्का

(सोबतचा कागद)

फोल्डिंग खात्यातल्या समस्त भाऊबंदांस मंगलाबाईचा नमस्कार. कानबाई एका रात्रीची पाहुणी असते. तुम्ही तिला तीन वर्षं अडकवून ठेवलीय. श्रावणातल्या तिच्या रविवारी म्हणजे तीन ऑगस्टला तिची पूजा करा आणि सोमवारी तिला तापीवर पोचवा. तिची पाठ ज्या दाराकडे आहे त्याच दाराने ती जाईल, आल्या वाटेने तिला परत फिरवू नये. खात्यातल्या प्रत्येकाने तिच्यामागे बाहेर पडावं. पुढेही ती जागा तिचीच राहील. तिथे ताका, डबा, चप्पल काही ठेवू नये, आणि दर अमावस्येला सगळ्यांनी त्या दाराने एकदा बाहेर जाऊन यावं. यापुढे दाराला कुलूप घालणाऱ्याने तिला काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवून ठेवावं.

(हिलाल, हे तुझ्यापुरतं: परत फिरवू नये आणि अमावस्या, हे दोन नियम मी आत्ता चहा पिताना केले. बाकीचे जुनेच आहेत. कुणाला सांगू नकोस.)

*

बमरोली, सुरत, ५ ऑगस्ट

ती. मंगलाअक्का हिच्या चरणी,

शि. सा. न. वि. वि. तुझा कागद खात्यात मोठ्याने वाचला. सरकारी नोटिशीवर लोक मिसळीचा हात पुसतात. तुझा कागद गोपालने प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला. ओडिशाच्या लोकांनी मला त्याचा अर्थ दोनदा विचारून घेतला, आणि आता तेच सगळ्यात कडक पाळतायत.

जाळी काढायला दोन दिवस गेले. दार गंजलेलं, प्रशांतने तेल पाजून पाजून त्याला बोलतं केलं. शेठ तर आपल्या सगळ्यांचा बाप निघाला. आगीची तालीम करून दाखवायची सरकारी तारीख डोक्यावर होती, तर त्याने निरीक्षक बाईंना नेमकं सोमवारीच बोलावलं आणि मिरवणुकीकडे बोट दाखवून हीच आमची तालीम म्हणून सांगितलं.

सुवर्णाने कानबाई डोक्यावर घेतली, डफ वाजला आणि आम्ही एकशेबारा जण मागे निघालो. बाईंनी घड्याळ लावलं. पाच मिनिटं लागली, त्यातली दोन श्रीरंगने उंबऱ्यावर नाचून खाल्ली. बाई हसल्या नाहीत. देवीला गल्लीत थांबवून त्यांनी आम्हाला आत पाठवलं आणि पुन्हा बाहेर यायला लावलं, डफाशिवाय आणि नाचाशिवाय. दोन मिनिटांत सगळे बाहेर. मराठी आणि ओडिया बोर्ड लावल्याशिवाय कागदावर सही करणार नाही, असंही शेठला ऐकवलं. थई जशे म्हणायला त्याने तोंड उघडलं, तर त्यांनी तारीख लिहून मागितली.

त्या गल्लीत समोरच शेजारच्या मिलचं मागचं दार आहे. अजून काळं आहे. कुणी सांगितलं नाही, पण डफवाला थांबला तो थांबलाच. सुवर्णाने कानबाईच्या अंगावरचं फूल काढून त्या दारापाशी ठेवलं. आमच्या पायांना दोन मिनिटं लागली होती, अक्का. सुपडूला तेवढीच हवी होती. मी तिथे सगळ्यांदेखत रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आमचं आम्ही बघतो असं मी लिहिलं होतं, ती ओळ खोडून टाक. आजच सकाळी त्या पिवळ्या चौकोनात कुणीतरी एक ताका ठेवला होता. उचलायला गेलो तर माझ्याच हातची खूण त्याच्यावर. कुलूप आता घरी आहे, सुवर्णा ते माझ्या चकलीच्या डब्याला लावते.

आणखी एक. दोन्ही वेळा तुझा पोरगा दार धरून उभा होता. दुसऱ्या वेळी मी त्याच्यावर ओरडलो की आधी तू बाहेर नीघ. तर मला म्हणाला, मामा तुम्ही पुढे व्हा, कंडक्टर सगळ्यांच्या शेवटी उतरतो.

त्याची बॅग भरत नाही. अमावस्येचा नियम तू केलास हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू आता आणखी नियम करू नकोस, आणि लोभ मात्र एकही नियम न लावता कर.

तुझा हिलाल