पाडव्याचं मतदान आणि चुकलेला चांद

करामा, दुबई
गुरुवार, ३ एप्रिल

तीर्थरूप बापूकाकांच्या चरणी प्रल्हादचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? काकू म्हणत होत्या की तुम्ही कानाचं यंत्र डब्यात ठेवून फक्त त्यांच्याशी बोलताना ते लावायचं विसरता. बीपीची गोळी चुकवू नका. आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, तुम्ही ते वाचून लगेच विसरा. सोबत खजुराचे दोन डबे आहेत. हे पत्र आणि खजूर घेऊन येणारा किसन मुसफ्फ्यात, म्हणजे अबूधाबीच्या कारखान्यांच्या भागात, वेल्डर आहे. सुट्टीवर सांगोल्याला निघालाय, वाटेत कराडला उतरून तुमच्याकडे येईल. त्याला चहा पाजा, पण निवडणुकीचा विषय काढू नका. त्याच्या मनावर परिणाम झालाय. (माझ्याही.)

काका, तुम्ही तीस वर्षं नायब तहसीलदार म्हणून निवडणुका घेतल्यात. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी तुम्ही माझ्या कानात सांगितलं होतं की निवडणूक मत देणारे ठरवत नाहीत, घरी बसणारे ठरवतात. त्या वेळी मला वाटलं, नवरदेवाला सांगायची ही कोणती गोष्ट! आता तेवीस वर्षांनी तिचा अर्थ कळला, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

आमच्या मराठी मंडळाची समिती दोन वर्षांची असते, पण वर्षाने अर्ध्या जागा रिकाम्या होऊन मधली निवडणूक लागते. ती आजवर बिनविरोध व्हायची. मी चिटणीस म्हणून कागदावर नावं लिहायचो, लोक टाळ्या वाजवायचे आणि जेवायला बसायचे. यंदा सांस्कृतिक प्रमुखाच्या जागेसाठी मरीनातल्या देवांशने अर्ज भरला. दुबई मरीना म्हणजे समुद्राकाठचे चाळीस-पन्नास मजली टॉवर. आपली शिकलेली तरुण मुलं तिथे एका फ्लॅटमध्ये चौघं राहतात आणि एकमेकांना 'ब्रो' म्हणतात. देवांशचं म्हणणं असं की मंडळाचा हॉल शनिवारी सकाळी दहा ते बारा 'ढोल फिटनेस'ला द्यावा आणि मराठीचा वर्ग ॲपवर न्यावा. त्या वेळी त्या हॉलमध्ये कोणाचा वर्ग असतो? तुमच्या सुनेचा. म्हणून उर्मिला त्याच्याविरुद्ध उभी राहिली. मी तिला उभं केलं असं ती आता म्हणते, पण ते जाऊ द्या.

अकरा वर्षं तिने तो वर्ग चालवलाय, काका. सव्वीस मुलं आहेत. त्यातली सतरा रत्नागिरी-रायगडकडच्या मुसलमान कुटुंबांतली, आणि तीच सर्वांत नेमाने येतात. (आपल्या करामातल्या देशस्थ-कोकणस्थांच्या मुलांना शनिवारी पोहणं, कराटे आणि रोबोटिक्स असतं.) इद्रीस आणि झुबेदा यांची नबिला नऊ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिने राजापूरला आपल्या नानीला आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र लिहिलं आणि ते वर्गात वाचून दाखवलं, तेव्हा उर्मिला फळ्याकडे तोंड करून बराच वेळ नुसता फळा पुसत होती. ॲपला फळा कसा पुसता येणार?

म्हणून मी अभ्यासाला लागलो. ऑफिसात एसीची ड्रॉइंग्ज फाइलला लावण्याचं माझं काम; ते बाजूला ठेवून अमेरिकेच्या मध्यावधी निवडणुकांचे व्हिडिओ पाहिले. तिथेही तुमचंच म्हणणं निघालं. मधल्या निवडणुकीला लोक कमीच येतात. वयस्कर येतात, तरुण येत नाहीत. सत्तेवर खूश असलेले घरी बसतात आणि चिडलेले आधी रांगेत लागतात. मी मतदारयादीचे चार भाग केले. करामाची कुटुंबं चौऱ्याऐंशी मतं, आपली. इद्रीसकडची, म्हणजे कोकणी मुसलमान कुटुंबांची, चाळीस, आपली. मुसफ्फ्यातले कामगार सत्तावीस, तेही आपले (उर्मिला त्यांच्या घरचे फॉर्म भरून देते). आणि मरीना एकसष्ट, त्यातले गेल्या वर्षी पाच आले होते, तेही श्रीखंडासाठी. काका, असा पेपर शाळेत आला असता तर मी इंजिनियर झालो असतो.

राहिली तारीख. गुढीपाडवा रविवारी होता. कामगारांना रविवारची सुट्टी, कुटुंबांना पुरणपोळीचं जेवण, म्हणून मतदान पाडव्याला, नऊ ते एक. इद्रीसकडच्यांची तेवढी ईद आड येऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं आपलं मराठी कॅलेंडर पाहिलं. तुम्हीच दर वर्षी पाठवता ते. त्यात रमजान ईद सोमवारी ३१ तारखेला, लाल अक्षरांत. रविवार मोकळा! मी तारीख जाहीर करून टाकली.

मला सावध केलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. मुसफ्फ्याहून कामगारांना आणायला त्यांच्या कंपनीची बस आणि फहद ड्रायव्हर ठरवला होता. तो म्हणाला, "सर, संडे को ईद नहीं हुई तो पक्का." मी हसून त्याला मोबाइलवर कॅलेंडरचा फोटो दाखवला. त्याने तो लहान मुलाचं चित्र पाहावं तसा कौतुकाने पाहिला. झुबेदा तर स्पष्टच म्हणाली, "भावजी, चांद दुबईत दिसायचा हाय, तुमच्या कॅलेंडरात न्हाय." इकडे चंद्र भारताच्या एक दिवस आधी दिसतो हे तेवीस वर्षं इथे राहून, तेवीस वेळा शेजाऱ्यांकडचा शिरखुर्मा खाऊन मला ठाऊक नसावं? ठाऊक होतं. पण लाल अक्षरांत छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची आपल्या घराण्याची सवय आहे, आणि ती तुमच्याकडूनच आलीय.

दुसरी चूक माझी एकट्याची. करामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी उत्साहाने लिहिलं की मरीनाची काळजी करू नका, तिथली पोरं एक वाजायच्या आत डोळे उघडत नाहीत आणि आपलं मतदान एकला बंद. यावर करामाने एकोणीस हसरे चेहरे पाठवले आणि निश्चिंत झाला. एका मावशीने तो निरोप मरीनातल्या आपल्या मुलाला, तनिषला, "बघ, काय कीर्ती तुझी" असं लिहून पुढे धाडला. तनिष देवांशच्या फ्लॅटमध्ये राहतो. आमची मिहिकाही हल्ली मरीनात मैत्रिणींबरोबर राहते, तिचा मला एवढाच निरोप आला, "बाबा, दॅट वॉज सो नॉट कूल." मी तिला अंगठा पाठवला.

शनिवारी संध्याकाळी चांद दिसला.

खाली रस्त्यावर मोटारींचे हॉर्न, फटाके, मिठाईच्या दुकानात झुंबड. मी खिडकीत उभा राहून त्या चंद्राला शोधत होतो. मला तो तेव्हाही दिसला नाही. ईद रविवारी म्हटल्यावर रविवार ते मंगळवार अशी सलग सुट्टी झाली. करामाच्या निम्म्या लोकांनी रातोरात खोर फक्कानच्या समुद्रकिनाऱ्याकडे आणि ओमानकडे गाड्या काढल्या. जाताना प्रत्येकाने मला फोन केला, "तुम्ही आहातच, वहिनी निवडून येणारच, आमच्या एका मताने काय होतंय?" असे बावीस फोन आले, काका. प्रत्येकाचं मत एकच होतं हे खरं आहे. अध्यक्षांना तारीख पुढे ढकला म्हणालो, तर म्हणाले, साठ किलो पुरण शिजलंय, ते कुठे ढकलू?

सकाळी सातला फहदला फोन केला. तो ईदच्या नमाजाला निघाला होता. "ईद मुबारक, सर!" असं इतक्या प्रेमाने म्हणाला की मला बसचं नाव काढवेना. शेवटी माझीच गाडी काढून मुसफ्फ्याला गेलो. दीड तासाची वाट. कँपच्या फाटकाशी सत्तावीस माणसं इस्त्रीचे शर्ट घालून सातपासून उभी होती. एकाने गंध लावलं होतं. माझी छोटी गाडी पाहून ती सगळी माझ्या मागे बघायला लागली, बस कुठे आहे म्हणून. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. तासभर टॅक्स्या शोधल्या, ईदला रिकामी टॅक्सी कुठली? शेवटी गाडीत चौघं बसली. किसन म्हणाला, "साहेब, उरलेल्या तेवीस जणांची मतं मी टाकली तर चालतंय काय?" मी नाही म्हणालो. (तुमचा पुतण्या आहे.) मग त्या तेविसांनी आम्हाला हात केला आणि शर्ट मळू नयेत म्हणून बदलायला आत गेले.

इकडे नऊ वाजून पाच मिनिटांनी मरीना आला, असं मला नंतर समजलं. चाळीस जण, मेट्रोने, अंगावर रात्रीचे पायजमे आणि प्रत्येकाच्या काखेत उशी! रांगेत शिस्तीत उभे राहिले, मतं टाकली, उर्मिलेला वाकून नमस्कार केला, पुरणपोळ्या खाल्ल्या आणि उशा घेऊन परत गेले. चिडलेले आधी रांगेत लागतात हे मला व्हिडिओत सांगितलं होतं. त्यांना चिडवणारा मीच असेन हे सांगितलं नव्हतं.

आम्ही हॉलच्या दारात पोहोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. ईदची गर्दी, रस्ता तुंबलेला. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने इद्रीस धावत येत होता, नवा कुर्ता, हातात शिरखुर्म्याचं भांडं, मागे झुबेदा, मुलगा अयान, नबिला आणि सगळी बिरादरी. नमाज, मग आजी-आजोबांना सलाम करणं, मग जेवणं. सगळं भरभर उरकून आले होते बिचारे. पण मतदान अधिकारी म्हणजे सान्वी नावाच्या मुलीचे आजोबा. साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आलेले, म्हणून निःपक्षपाती, आणि दुर्दैवाने तुमच्यासारखेच प्रामाणिक. त्यांनी एकच्या ठोक्याला पेटीला लाख लावली होती. म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग शिरखुर्मा मात्र त्यांनी दोन वाट्या घेतला.

करामाचे पस्तीस आले. इद्रीसकडचं एकही मत नाही, मुसफ्फ्याचं एकही नाही. मरीनाचे चाळीस. देवांश अडतीस, उर्मिला सदतीस. एका मताने, काका! म्हणजे मरीनातून दोन मतं तिला पडली. एक मिहिकाचं असावं. विचारलं तर म्हणाली, "इट्स अ सीक्रेट बॅलट, बाबा." हे मात्र तिला बरोबर माहीत आहे.

उर्मिलेने देवांशचं अभिनंदन केलं, नबिलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि संध्याकाळी हॉलमधला फळा पिकअपमध्ये घालून घरी आणला. तो आता फ्रिजच्या मागे आहे. खडूची पेटी तिने देवघरापाशी ठेवलीय. चार दिवस झाले, माझ्याशी फक्त "पोळी हवी का" एवढं बोलते. मी फ्रिज उघडायला गेलो की फळ्याची कड दिसते आणि तहान जाते. मला वाईट वाटतं असं लिहितो, काका, पण खरं तर मला लाज वाटते. मी माणसांची बेरीज केली आणि त्यांच्यातल्या एकालाही नीट विचारलं नाही की बाबा रे, तू त्या दिवशी कुठे असशील?

काकूंना नमस्कार. चिरंजीवांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक
प्रल्हाद

ता. क. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर पाठवू नये.

ता. क. २. एक छोटंसं काम होतं. तुमच्याकडे जुना रबरी शिक्का अजून आहे ना? एखाद्या चांगल्या कागदावर असं लिहून द्याल का, की आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे संस्थेच्या चिटणीसाने मतदान करणं शोभत नाही? तारीख फेब्रुवारीची घालावी. कारण असं की त्या धावपळीत माझं स्वतःचं मत टाकायचं राहिलं. सकाळी निघालो तेव्हा मतदान सुरू झालं नव्हतं, परतलो तेव्हा पेटी बंद. मी टाकलं असतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागली असती. उर्मिलेला हे अजून ठाऊक नाही. ती मत दिलेल्यांची यादी मागायच्या आत दाखला हवा. किसनला हे पत्र द्यायला तिच्याच हाती सोपवतोय, पण पाकीट डिंकाने नीट चिकटवलंय.

*

ती. बापूकाकांना उर्मिलेचा नमस्कार. डिंक ओलाच होता. खजुराच्या डब्यात इलायची घातलीय, काकूंना सांगा.

शनिवारपासून वर्ग झुबेदाच्या बैठकीत भरणार आहे. तिने सोफा बाहेर काढलाय. फळा मात्र तिच्या दारातून आत जात नाही, त्याचं काहीतरी बघावं लागेल. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. थोडे दिवस राहू दे त्यांना फ्रिजपाशी उभं.

दाखला द्या त्यांना. आणि एक माझ्याही नावाचा द्या, उमेदवाराने स्वतःला मत देणं शोभत नाही असा. नऊ ते एक मी मागे तव्यापाशी होते, एकशे चाळीस पोळ्या लाटल्या; मरीनाच्या मुलांना गरम वाढायला तेवढी बाहेर आले. मला वाटलं, माझं राहिलं तरी ह्यांचं मत आहेच की.

दोन्ही दाखले एका पाकिटात घालू नका.