आधी छोटे तुकडे की मोठे?

करंजाडे, बुधवार

प्रिय मारिया,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी स्पीड पोस्ट. श्रीवर्धनचा पत्ता तुझ्या आईकडूनच घेतला. आपलं कशावरून बिनसलं ते मी त्यांना नीट समजावून सांगितलं. सगळं ऐकून रशिदाखाला म्हणाल्या, "तुमाला कंपनी याचाच पगार देते?"

आता तूच सांग, माझं काय चुकलं? चालू मशीन बंद न करता तिला मेमरी जोडायची आणि नको झाली की काढून घ्यायची, हे आपल्या ड्रायव्हर प्रोग्रामचं काम. छोट्या तुकड्यांची पद्धत मी लिहिली: मेमरीच्या एका ब्लॉकचे बारीक भाग करून हवे तेवढेच द्यायचे. मोठ्या तुकड्यांची तू लिहिलीस: बरेच ब्लॉक एकत्र, द्यायचे तर सगळे, काढायचे तरी सगळे. कोड उत्तम चालतोय. उरलं होतं फक्त त्याच्या डोक्यावर, फाइलच्या सुरुवातीला, दोन्ही पद्धतींची माहिती लिहिणं, आणि पहिली कोणाची यावरून आपण विश्वजितसरांसमोर हमरीतुमरीवर आलो! संध्याकाळी मी माझा परिच्छेद वर न्यायचे, सकाळी तू तुझा. मग तू डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेलीस आणि तिथून थेट श्रीवर्धनला, घरून काम करायला.

इकडे माझे हाल विचारू नकोस. लिहिलेलं कोणाला तरी वाचून दाखवायला हवं, म्हणून सासऱ्यांना धरलं. आप्पांचं सगळं आयुष्य कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेलंय. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आगं, कापून द्यायचं का आख्खं, येवढंच ना? मग गिऱ्हाइकाला इचार की! तुमी दोघी कशाला भांडताय?" नवरा खुर्चीतून पडायचाच बाकी होता. मला अजिबात हसू आलं नाही. तू शेजारी असतीस तर आलं असतं.

तुझ्या जागेवर हल्ली सनी बसतो. डब्यात रोज काकडी आणि उकडलेली अंडी. माझ्या डब्यातलं काही मागतसुद्धा नाही. असल्या माणसाबरोबर जेवायचं तरी कसं?

काल सरांनी बोलावलं. सोमवारी माहिती जायलाच हवी, आणि तुझ्या होकाराशिवाय तुझं नाव खाली लावता येत नाही. "तेव्हा तिचं नाव काढ आणि एकटीच्या नावाने पाठव," म्हणाले. म्हणजे मला हवं होतं तेच की! पण तुझं नाव खोडायला गेले आणि मला रडूच फुटलं गं, भर ऑफिसात, सनीच्या काकडीसमोर. दोघींच्या नावाने जाईल, नाहीतर माझंही नाव नको, असं सरांना सांगून आले. तुझा परिच्छेद वर घेतलाय. ही माफी नाही, छोटी पद्धतच आधी यायला हवी हे माझं मत कायम आहे. सोमवारी ये, हो म्हण आणि समोर बसून माझ्याशी भांड. एकटीला भांडता येत नाही.

तुझीच हट्टी,
राजलक्ष्मी